पूल चढा, पूल उतरा आणि गुणाकार फुकटात

आमच्या हॉलमध्ये जुना गोल फिरवायचा डिमर आहे, त्यावर एक साधा पिवळा बल्ब. मागे भाचा आलेला, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नवीन मीटर घेतलाय तो दाखवायला घेऊन आला होता. मग काय, डिमर बरोबर अर्ध्यावर ठेवला आणि बल्बच्या टोकांना दोन्ही मीटर लावले (सांभाळून हं, मेन्सशी मस्ती नको). माझा जुना स्वस्तातला मीटर ११५ च्या आसपास दाखवतोय आणि त्याचा १६२. लगेच साहेब म्हणाले, "मामा, तुझा मीटर भंगारात दे."

भंगारातला नाहीये तो. तो बिचारा फक्त सरासरी काढतो, ती १.११ ने गुणतो आणि तो आकडा आरएमएस (म्हणजे बल्ब जितका तापतो त्या हिशोबाचं व्होल्टेज) म्हणून दाखवतो, आणि हा १.११ चा हिशोब फक्त शुद्ध साइन वेव्हलाच लागू पडतो. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा अर्धा भाग कापून टाकतो, सरासरी निम्मी झाली म्हणून मीटरने २३० चे ११५ केले. पण बल्ब तापतो तो व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने, उष्णता निम्मी झाली तर व्होल्टेज २३० भागिले वर्गमूळ २, म्हणजे १६२ आणि थोडं वर. भाच्याचा मीटर बरोबर.

म्हणजे मीटरला खरा आकडा हवा असेल तर त्याने आधी वर्ग करायचा, मग सरासरी, मग वर्गमूळ. आजकाल बरेच मीटर हे डिजिटल पद्धतीने करतात. पण आधी कित्येक वर्षं हे काम एक छोटी चिप करायची, तिच्यात ना प्रोसेसर ना प्रोग्राम, मूठभर ट्रान्झिस्टर फक्त. भाच्याला विचारलं ट्रान्झिस्टर वर्गमूळ कसं काढतो रे, तर म्हणाला सिलॅबसमध्ये नाही. म्हणून हे लिहितोय. या प्रकाराला ट्रान्सलिनिअर सर्किट म्हणतात आणि नाव जितकं अवघड आहे तितकी आतली गोष्ट अवघड नाहीये.

बारावी सायन्स केलेल्यांना लॉग टेबलचं ते पातळ पुस्तक आठवत असेल. ४७.३ गुणिले ८.२१ करायचं तर दोन्हींचे लॉग बघायचे, बेरीज करायची, अँटिलॉग बघायचा, झाला गुणाकार. भागाकार असेल तर वजाबाकी, वर्ग असेल तर दुप्पट, वर्गमूळ असेल तर निम्मं. सगळी अवघड कामं सोप्या कामांत बदलतात, फक्त दोन्ही टोकांना लॉग आणि अँटिलॉग करणारा कोणीतरी हवा. तर गंमत अशी की ट्रान्झिस्टर जन्मतःच लॉग टेबल आहे.

कसं ते सांगतो. बायपोलर म्हणजे साध्या जुन्या ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर असे तीन पाय असतात. बेस आणि एमिटरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट दिले की कलेक्टरमधून करंट वाहायला लागतो, हे आपण सगळे शिकलो. पण तो ०.६ म्हणजे काही बटण नाहीये की अलीकडे बंद, पलीकडे चालू. तो जिना आहे. खोलीच्या तापमानाला बेस-एमिटर व्होल्टेज १८ मिलिव्होल्टने वाढवलं की करंट दुप्पट. अजून १८ वाढवलं की चौपट. अजून १८, आठपट. ६० मिलिव्होल्ट वाढवलं की साधारण दहापट. आणि हे थोड्याथोडक्या करंटपुरतं नाही, चांगला ट्रान्झिस्टर असेल तर पिकोअँपिअरपासून मिलिअँपिअरपर्यंत म्हणजे कोट्यवधी पटींच्या टप्प्यात हा नियम जवळजवळ तंतोतंत पाळला जातो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये इतका इमानदार नियम दुसरा क्वचितच सापडेल. म्हणजे व्होल्टेजच्या पायऱ्या मोजल्या की तो करंटचा लॉग, आणि व्होल्टेजवरून करंट बघितला की तो अँटिलॉग.

आता दादरचा पूल डोळ्यासमोर आणा. एका प्लॅटफॉर्मवरून जिना चढलात, पुलावरून गेलात, दुसऱ्या जिन्याने खाली उतरलात. दोन्ही प्लॅटफॉर्म एकाच उंचीवर असतील तर जेवढं चढलात तेवढंच उतरलात, गर्दी कितीही असो, धक्के कितीही खा. हाच किरचॉफचा व्होल्टेजचा नियम, बंद फेरीत जेवढं वर तेवढं खाली. आता चार ट्रान्झिस्टर असे जोडा की फेरी मारताना दोन बेस-एमिटर जंक्शन चढणीचे आणि दोन उतरणीचे. चढणीची बेरीज बरोबर उतरणीची बेरीज. पण इथे प्रत्येक जिन्याची उंची म्हणजे त्याच्या करंटचा लॉग ना? मग लॉगची बेरीज सारखी याचा अर्थ करंटचा गुणाकार सारखा. चढणीच्या दोन करंटचा गुणाकार बरोबर उतरणीच्या दोन करंटचा गुणाकार. बस, हाच ट्रान्सलिनिअर सिद्धांत.

आकडे टाकून बघू. समजा १०० मायक्रोअँपिअरला या ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज ६०० मिलिव्होल्ट आहे. मग २०० ला ६१८ आणि ४०० ला ६३६. चढणीच्या एका ट्रान्झिस्टरमध्ये मी १०० सोडले, दुसऱ्यात ४००, चढ झाला ६०० अधिक ६३६ म्हणजे १२३६. उतरणीच्या एकात मी २०० सोडले, तिथे ६१८ उतरलो. उरले किती, ६१८. म्हणजे चौथ्या ट्रान्झिस्टरला २०० वाहू देण्यावाचून पर्यायच नाही. १०० गुणिले ४०० भागिले २००, उत्तर २००. तीन करंट आपण ठरवायचे, चौथा आपोआप ठरतो. चढणीच्या दोन्हींत एकच करंट सोडला की वर्ग मिळतो. उतरणीच्या दोन्हींत एकच करंट वाहील अशी जोडणी केली की वर्गमूळ. एखाद्या ट्रान्झिस्टरचा एमिटर दुप्पट क्षेत्रफळाचा बनवला की एक पायरी आधीच चढून ठेवल्यासारखं, म्हणजे २ ने गुणणं चिपच्या नकाशातच छापलं गेलं. जिने चारऐवजी सहा किंवा आठ घेतले तरी चालतात, फक्त चढणीचे आणि उतरणीचे सारखे पाहिजेत.

आणि यात ०.६ व्होल्ट कुठे आले? कुठेच नाही, दोन्ही बाजूंनी सारखेच वजा झाले. इथे मला ही कल्पना सगळ्यात जास्त आवडते. बाकी सगळीकडे डिझायनर ट्रान्झिस्टरचा वाकडेपणा लपवायच्या मागे असतो, रेझिस्टर घाल, फीडबॅक दे, कसंतरी सरळ कर. इथे वाकडेपणाच कामाला लावलाय. एकाने लॉग केला तो दुसऱ्याने उलटा केला, काट्याने काटा काढला, आणि आत जाताना करंट, बाहेर येताना करंट, मधली व्होल्टेज कोणी विचारतसुद्धा नाही.

हे नाव दिलं बॅरी गिल्बर्ट यांनी, १९७५ मध्ये. मूळचे इंग्लंडमधल्या बोर्नमथचे, नंतर अमेरिकेत टेक्ट्रॉनिक्समध्ये ऑसिलोस्कोपवर काम केलं आणि मग अॅनालॉग डिव्हायसेसमध्ये आयुष्य काढलं, २०२० मध्ये गेले. ट्रान्सलिनिअर का, तर ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे बेसचं व्होल्टेज जरासं हलवलं तर करंट किती हलतो ते, हा करंटच्या सरळ प्रमाणात म्हणजे लिनिअर असतो. करंट दुप्पट, ट्रान्सकंडक्टन्स दुप्पट. जिन्याच्या नियमाचंच हे दुसरं रूप आहे. नाव यायच्या आधीच, १९६८ मध्ये, त्यांनी याच तत्त्वावरचा गुणाकार करणारा सर्किट छापला होता आणि तो एका नॅनोसेकंदापेक्षा कमी वेळात प्रतिसाद द्यायचा. एवढा वेग आला कुठून, तर करंट दुप्पट झाला तरी आतलं व्होल्टेज जेमतेम १८ मिलिव्होल्ट हलतं, त्यामुळे इकडेतिकडे चिकटलेली छोटी छोटी कपॅसिटन्स भरायला-रिकामी करायला वेळच लागत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन चार बीसी५४७ ट्रान्झिस्टर घेऊन येईल आणि म्हणेल जमत नाही. मी तेच केलं होतं. आधी सगळ्यात छोटी फेरी करून बघा, एक जिना वर, एक जिना खाली, म्हणजे करंट मिरर. दोन बीसी५४७, बेस एकमेकांना जोडलेले, दोन्ही एमिटर ग्राउंडला, पहिल्याचा कलेक्टर त्याच्याच बेसला आणि तिथून ८२ किलोओहम ९ व्होल्टच्या बॅटरीला, म्हणजे साधारण १०० मायक्रोअँपिअर आत. दुसऱ्याचा कलेक्टर मीटरमधून ९ व्होल्टला, मीटर मायक्रोअँपिअरवर. पुस्तकाप्रमाणे तिथेही १०० दिसायला हवेत. मला दिसले ११२. थोडे दोन ट्रान्झिस्टर सारखे नव्हते म्हणून, थोडे दुसऱ्याच्या कलेक्टरवर जास्त व्होल्टेज होतं म्हणून, त्याला अर्ली इफेक्ट म्हणतात (जेम्स अर्ली नावाचे गृहस्थ होते, लवकर-उशिराशी संबंध नाही). हे ठीक आहे, पण आता दुसऱ्या ट्रान्झिस्टरला नुसती दोन बोटांत चिमूट धरा आणि मीटर बघा. ११२, ११८, १२५, १४०, आकडा चढतच जातो. बोट काढा, पहिल्या ट्रान्झिस्टरला धरा, आता शंभरच्या खाली घसरतो.

झालं काय, तर तापमान एक डिग्री वाढलं की ट्रान्झिस्टरला तेवढ्याच करंटसाठी साधारण २ मिलिव्होल्ट कमी लागतात. बोटाच्या उबेने तो ४-५ डिग्री गरम झाला तर त्याचा जिना ८-१० मिलिव्होल्टने बुटका झाला, म्हणजे अर्धी पायरी, आणि अर्धी पायरी म्हणजे करंट ४० ते ५० टक्के वर. इथे पायरी कधीच छोटी समजायची नाही. एक मिलिव्होल्टची गफलत म्हणजे उत्तरात ४ टक्क्यांची चूक. म्हणून सुट्या ट्रान्झिस्टरने हे करू नका, एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर पाच ट्रान्झिस्टर असलेली ३०४६ सारखी चिप मिळाली तर ती घ्या, किंवा निदान दोन बीसी५४७ चे सपाट चेहरे थर्मल पेस्ट लावून एकमेकांना चिकटवा आणि वरून हीट श्रिंक चढवा. मे महिन्यात खोली २५ वरून ३५ डिग्रीवर गेली तर पायरीच १७.८ वरून १८.४ मिलिव्होल्टची होते, पण चारही जिन्यांची होते, त्यामुळे उत्तर हलत नाही. सगळे सारखे गरम झाले तर काही बिघडत नाही, एकटाच गरम झाला की बोंब.

बाकीच्या चुका थोडक्यात. बेसमध्येही थोडा करंट जातो, गेन २०० असेल, म्हणजे कलेक्टरचा करंट बेसच्या २०० पट असेल, तर प्रत्येक ठिकाणी अर्धा टक्का गळती. आणि करंट फार वाढवला तर एमिटरचा स्वतःचा रेझिस्टन्स नडतो, १ ओहममधून १० मिलिअँपिअर गेले की १० मिलिव्होल्ट, परत अर्धी पायरी गेली. म्हणून हे सर्किट मध्यम आणि छोट्या करंटमध्येच खुश असतात.

आता भाच्याच्या मीटरकडे. एडी५३६ नावाची चिप या कामासाठी प्रसिद्ध आहे. सरळ रस्ता म्हणजे आधी वर्ग करा, सरासरी घ्या, मग वर्गमूळ, पण त्यात एक अडचण आहे. इनपुट १ ते १०० च्या टप्प्यात असेल तर वर्ग १ ते १०,००० जातो, छोटे सिग्नल सर्किटच्या खरखरीत बुडतात आणि मोठे छताला आपटतात. म्हणून चिप शहाणपणा करते. ती इनपुटचा वर्ग करते आणि त्याच फेरीत त्याला स्वतःच्याच उत्तराने भागते, मग त्याची सरासरी घेते, आणि ती सरासरी म्हणजेच उत्तर, जे परत भागायला आत पाठवलं जातं. चढणीच्या दोन जिन्यांत इनपुट, उतरणीच्या एकात आधीचं उत्तर, चौथ्यातून जे बाहेर येईल ते बाहेरच्या कपॅसिटरवर सरासरीला. उत्तर आपोआप अशा जागी येऊन थांबतं जिथे सरासरी वर्ग भागिले उत्तर बरोबर उत्तर. समजा सिग्नल अर्धा वेळ ०, अर्धा वेळ ४. नुसती सरासरी २. वर्गाची सरासरी ८, आणि ८ ला कशाने भागलं की तोच आकडा येतो? २.८३. वर्गमूळ काढणारा वेगळा सर्किट लावलाच नाही, उत्तरानेच स्वतःला शोधलं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी चहा थंड केला होता.

दुसरा वापर म्हणजे गिल्बर्ट सेल, आणि याबद्दल थोडा गैरसमज आहे. रेडिओत ९८.३ मेगाहर्ट्झचं स्टेशन लावलं की आतला ऑसिलेटर बहुतेक १०९ वर चालतो आणि दोघांचा गुणाकार केला की फरक १०.७ मेगाहर्ट्झचा निघतो, पुढचा सगळा फिल्टर त्याच एका फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला असतो. हा गुणाकार करणाऱ्या सहा ट्रान्झिस्टरच्या जोडणीला सगळे गिल्बर्ट सेल म्हणतात, एनई६०२ मध्ये तीच आहे, हॅम रेडिओवाल्यांची लाडकी चिप. पण मिक्सरमध्ये, म्हणजे रेडिओतल्या या गुणाकाराच्या सर्किटमध्ये, वरचे चार ट्रान्झिस्टर नुसते स्विचसारखे इकडून तिकडे फेकाफेकी करतात, तिथे जिन्याचा हिशोब नसतो, आणि तशी जोडणी हॉवर्ड जोन्स यांनी गिल्बर्टच्याही आधी, १९६३ मध्ये पेटंटला दिली होती. गिल्बर्टची खरी करामत अशी की पुढे दोन जंक्शन लावून इनपुटचा आधी लॉग केला, त्यामुळे दोन्ही इनपुट सरळ रेषेत गुणले जायला लागले. एडी६३३ नावाच्या गुणाकाराच्या चिपमध्ये दोन व्होल्टेज दिली की गुणाकार भागिले १० व्होल्ट असं उत्तर येतं, ते या करामतीमुळे. एलएम१३७०० वापरून सिंथेसायझर बनवणाऱ्या मंडळींनी त्या चिपच्या इनपुटला दोन डायोड बघितले असतील, तेही याच घराण्यातले.

मोबाइलच्या चिप्स सीमॉसच्या असतात, म्हणजे मॉसफेट नावाच्या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरच्या, तिथे बायपोलर ट्रान्झिस्टर फारसे मिळत नाहीत. पण मॉसफेटला थ्रेशोल्डच्या, म्हणजे तो नीट चालू होतो त्या व्होल्टेजच्या, खाली अगदी नॅनोअँपिअरवर चालवलं की तोही जिन्याचा नियम पाळतो, पायरी जरा उंच असते एवढंच. कॅलटेकमध्ये कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात डोळ्याच्या आणि कानाच्या पेशींसारखे वागणारे सर्किट यावर बांधले. वीज नावापुरती लागते, पण वेग बैलगाडीचा आणि मॅचिंग (ट्रान्झिस्टर एकमेकांशी जुळणं) वाईट, म्हणून प्रत्येक ठिकाणी चालत नाही.

सगळ्यात जास्त ट्रान्सलिनिअर फेऱ्या मात्र तुम्ही कानाने ऐकल्यात. गणपतीच्या मंडळाचा अॅम्प्लिफायर घ्या, आउटपुटला ३०५५ आणि २९५५ या ट्रान्झिस्टरची जोडी, एक स्पीकरला ढकलतो, एक खेचतो. दोघांच्या बेसच्या मध्ये बायसचे डायोड, म्हणजे गाणं थांबलेलं असतानाही दोघांत थोडा करंट वाहता ठेवणारे. नीट बघितलं तर तीच फेरी, डायोड चढणीचे, ट्रान्झिस्टरची जंक्शन उतरणीची. म्हणजे ढकलणाऱ्या आणि खेचणाऱ्या करंटचा गुणाकार कायम सारखा. गाणं थांबलेलं असताना दोघांत २०-२० मिलिअँपिअर असतील तर गुणाकार ४००. एकाने २०० दिले की दुसरा २ वर येतो, एकदम बंद पडत नाही, त्यामुळे लाट शून्यातून जाताना आवाज फाटत नाही. खऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये एमिटरला छोटे रेझिस्टर असतात, ते मोठ्या करंटला हा गुणाकार बिघडवतात, पण शांत असतानाचा हिशोब साधारण हाच.

आता एक कबुली. एका मंडळाचा अॅम्प्लिफायर मी दुरुस्तीला घेतला होता, विसर्जनाच्या आदल्या रात्री. आउटपुटची जोडी बदलली, वाजवून बघितला, मस्त. झाकण लावलं, दिला. गडबडीत बायसचा डायोड हीटसिंकला परत स्क्रू करायचा राहिला, तो हवेतच लटकत होता. मिरवणूक निघाली, ट्रान्झिस्टर तापले, त्यांचे जिने बुटके होत गेले, आणि डायोडला पत्ताच नाही, तो गार हवेत आरामात आपल्या जुन्याच उंचीवर. करंट वाढला म्हणून अजून तापले, अजून तापले म्हणून अजून करंट. नाक्यावर पोचेपर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर गेले आणि बाप्पा पुढचं अंतर ढोल-ताशावरच गेले. त्या रात्री मंडळाच्या पोरांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून कुठलाही अॅम्प्लिफायर बंद करायच्या आधी मी प्लग काढून डायोड चिमटीत धरून हलवून बघतो, हलला तर झाकण परत उघडं.